शब्दचर्चा : लिस्पमधलं ‘अनरीडेबल’ म्हणजे अवाचनीय?

प्रश्न : कॉमन लिस्प या प्रोग्रामिंग भाषेवरची टिपणं मराठीत करतोय. ‘अनरीडेबल ऑब्जेक्ट’ला ‘अवाचनीय वस्तू’ लिहिलं. सहकारी हसली. म्हणाली, “अवाचनीय कादंबरी असते.” दुसरा शब्द सुचवा.

— बरोबर हसल्या. वाचनीय म्हणजे वाचण्याजोगं. ‘अवाच्य’कडे तर फिरकूच नका, तो शिव्यांच्या वाट्याला गेलाय. ‘दुर्वाच्य’ डॉक्टरांच्या चिठ्ठीला शोभेल, पण इथे अक्षर स्वच्छ असतं. एसबीसीएलमध्ये (कॉमन लिस्प चालवणारी एक प्रणाली) कार हे यादीतला पहिला घटक देणारं फंक्शन छापा, #<फंक्शन कार> असं (अर्थात रोमनमध्ये) दिसेल. आपल्याला कळतं, पण त्या मजकुरावरून रीडरला, म्हणजे मजकूर वाचून वस्तू बनवणाऱ्या लिस्पच्या भागाला, ती वस्तू पुन्हा उभी करता येत नाही. म्हणून मी ‘परत वाचता न येणारी’ लिहितो. लांबलचक आहे खरं.

— मग सोर्समध्ये #< आलं तर रीडरने ते गाळून पुढे का जाऊ नये?

— गाळणार कुठवर? आत काय छापायचं ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. फाइलचं नाव असेल, नावातच > असेल, एखादा सुटा कंस असेल. शेवट ओळखायची खात्रीची खूणच नाही. म्हणून कॉमन लिस्पच्या १९९४च्या आन्सी (अमेरिकी) मानकात सरळ रीडर-एरर आहे. #+ या अट घालणाऱ्या खुणेने नको तो भाग वगळताना *रीड-सप्रेस* (वाच पण टाकून दे, असं रीडरला सांगणारं चल) चालू असतं, तेव्हा नसलेल्या पॅकेजचं (नावांच्या संचाचं) नावही खपून जातं. #< मात्र तिथेही खपत नाही. मी एकदा आरईपीएलमधलं (कोड टाइप करताच उत्तर छापणाऱ्या खिडकीतलं) उत्तर जसंच्या तसं कोडमध्ये चिकटवलं होतं. रीडर तिथेच अडला ते बरं झालं. अंदाजाने पुढे गेला असता तर कंस शोधत बसलो असतो.

— ‘न वाचणारी वस्तू’ चालेल? आटोपशीर आहे.

— त्यात ती वस्तूच पुस्तकं वाचत नाही असं होतं! किंवा तिचा जीव वाचत नाही. हा दुसरा अर्थ अगदीच खोटा नाही म्हणा. उघडी फाइल, चालू थ्रेड : प्रोग्राम बंद पडला की संपलं, छापलेली ओळ तेवढी उरते.

— मोडी कागदाचं अक्षर ‘लागत नाही’ म्हणतात. रीडरला ‘न लागणारी’?

— बोलताना झकास. पण एररमध्ये ‘वस्तू लागली नाही’ दिसलं तर लोक विचारतील, कुणाला लागली?

— *प्रिंट-रीडेबली* (परत वाचता येईल असंच छाप, असं सांगणारं चल) खरं ठेवलं की छापतानाच एरर येते, प्रिंट-नॉट-रीडेबल. तिला काय म्हणाल?

— ‘परत वाचता येईल असं छापता येत नाही.’ लांबलचक शब्द इथे कामाला आला.

प्रश्नकर्ता : घेतला. ‘अवाचनीय’ सगळीकडून काढतोय.