दुसऱ्या टोकाची खाच फिरते, तीन पाइप वाया गेले

पाना_तेरा:
शर्यतीच्या गाडीची फ्रेम घरीच बांधतोय. गोल पाइप, बाहेरचा व्यास 25 मिमी, जाडी 1.6. तळातल्या दोन लांब पाइपांमध्ये एक आडवा बसवायचाय, मधली मोकळी जागा 450. पहिल्यांदा शहाण्यासारखा 450 चाच तुकडा कापला. समोरच्या पाइपाची गोलाई बसेल अशा खाचा दोन्ही टोकांना पाडल्यावर पाइप कुठेच टेकेना! मग उजेड पडला की टोकं दोन्ही पाइपांच्या मध्यापर्यंत जायला हवीत, म्हणजे 475. दुसऱ्या तुकड्याची लांबी बरोबर आली, पण एक टोक चपखल बसवलं की दुसरीकडे दोन मिमीची फट. तिसरा तिरका होता, त्याला पाइपाभोवती गुंडाळून खाच आखायचा छापील कागदी साचा वापरला. गुंडाळल्यावर कागदाची टोकंच भेटेनात, अडीच मिमी कमी. तसंच दामटलं, अर्थात बसला नाही.
फटी मिग वेल्डिंगने भरून टाकल्या तर चालेल का?

कानसवाला:
नाही. 1.6 च्या पाइपात दोन मिमीची फट भरायला गेलात तर कडा जळून भोक पडेल. नाही पडलं तरी भरलेला धातू थंड होताना आकसतो आणि समोरचा पाइप ओढून घेतो. फ्रेम वाकडी का झाली ते नंतर शोधत बसाल. फट अर्ध्या मिमीच्या आत हवी. टिग वेल्डिंग करणार असाल तर टेकलेलाच जॉइंट हवा.
कागदाचं सोपं आहे. 25 च्या पाइपाचा घेर 78.5 मिमी. प्रिंटरने पान बसवायला चित्र तीन टक्के लहान केलं की 76 होतो. शंभर टक्क्यांवर छापा आणि पट्टीने मोजल्याशिवाय कात्री लावू नका.
आता फिरलेली खाच, म्हणजे दुसऱ्या टोकाची खाच पहिलीच्या रेषेत न येणं. त्याच घेरावर एक मिमी चुकलात की साडेचार अंश फिरलात, आणि मार्करची रेघच एक मिमी जाड असते. म्हणून मी रेघेवर विसंबत नाही. पहिली खाच झाली की तिच्यात हातभर लांब सरळ पाइप आडवा घट्ट बांधतो. ड्रिल मशीनवर होल सॉ (गोल भोक पाडणारी नळीसारखी करवत) उभा असतो, त्यामुळे दुसरं टोक व्हाइसमध्ये आवळताना हा बांधलेला पाइप गुण्याला लावून बरोबर उभा करायचा. लांब असल्यामुळे अर्धा अंश कलला तरी डोळ्याला खुपतो. होल सॉ समोरच्या पाइपाच्या व्यासाचा, वेग कमी आणि तेल सढळ. धूर निघाला तर दात गेलेच समजा.

खडूमिस्त्री:
वरच्यांचं बरोबर आहे, पण तिरक्या पाइपाला होल सॉच्या नादी लागू नका. कोन फार निमुळता असला की त्याची खोली पुरत नाही. तिथे कागद, ग्राइंडर आणि अर्धगोल कानस. समोरच्या पाइपाला खडू फासायचा, तुकडा टेकवून किंचित हलवायचा. खाचेच्या कडेला जिथे पांढरं लागेल तेवढंच घासायचं, पुन्हा खडू. चार-पाच फेऱ्यांत कड सगळीकडे पांढरी होते. आणि तुकडा पाच मिमी लांबच कापा, घासून कमी करता येतो.

लेनतीन:
एक भर. सगळे पाइप आधी नुसते टॅक करा (वेल्डिंगचे छोटे ठिपके देऊन जागेवर धरा), कर्ण मोजा, मगच पूर्ण वेल्डिंग, तेही आलटून पालटून समोरासमोर. शेवटचा जॉइंट बंद करताना आतली तापलेली हवा वितळलेल्या धातूतून फुर्रकन बाहेर येते, म्हणून खाचेखाली झाकलं जाईल अशा जागी समोरच्या पाइपाला आधीच 3 मिमीचं भोक पाडून ठेवा.
रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पिंजरा, मात्र या पाइपाची करू नका. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमात मुख्य रोल बारला (चालकामागच्या मुख्य कमानीला) किमान 45 × 2.5 किंवा 50 × 2 चा शिवणरहित पाइप लागतो, बाक थंडच द्यायचा आणि त्याची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. तुमच्या स्पर्धेची नियमावली आधी वाचा, मग पाइप आणा.

पाना_तेरा:
कानसवालेकाका, बांधलेल्या पाइपाची युक्ती केली. चौथा पाइप बसला, फटीत कागदसुद्धा जात नाही. तिरक्याला अजून खडू चालूच आहे, नाकातोंडात गेलाय. केजसाठी 45 चा वेगळा आणतो. वाया गेलेल्या तिघांवर आता टॅक मारायचा सराव करतोय.