ट्रॅक डेसाठी जुनी गाडी: १.० टर्बो, १.२ की १.५?

साताररोड_३
नमस्कार मंडळी. ट्रॅक डेसाठी, म्हणजे आपलीच गाडी रेसिंग ट्रॅकवर पळवायच्या दिवसासाठी, जुनी, पेट्रोल, मॅन्युअल गाडी घ्यायची आहे. गाडीला सहा लाख, तयारीला दीड लाख वेगळे. ट्रेलर नाही, पुण्याहून चालवतच न्यायची. ट्रॅक मुख्यतः कोइमतूरचा करी, कधीतरी चेन्नई, आणि घराजवळ म्हणून तळेगावचा नानोली. यादीत तीन आहेत: स्विफ्ट १.२ (२०१८ नंतरची), पोलो १.० टीएसआय (टर्बो), होंडा सिटी १.५ आय-व्हीटेक (२०१४ ते २०२०). इंजिन कितीचं घ्यावं?

भोसरी_एमआयडीसी
स्विफ्ट घ्या. पॉवर बघून लोक सिटी किंवा पोलोकडे वळतात, पण पहिल्या ट्रॅक डेला इंजिन दमत नाही, ब्रेक दमतात.

हिशोब करून बघा. ड्रायव्हरसकट स्विफ्ट साधारण ९५० किलो धरा. १४० वरून ७० वर आणताना ब्रेकला सुमारे ५४० किलोज्यूल उष्णता गिळावी लागते. ११५० किलोच्या गाडीला तेवढ्याच वेगाला ६५० लागतात. वर जास्त पॉवरमुळे तुम्ही त्याच वळणाला १५० ने पोचलात, तर आकडा ७८० वर जातो. म्हणजे प्रत्येक मोठ्या ब्रेकिंगला जवळजवळ दीडपट उष्णता, आणि तिन्ही गाड्यांना मागे ड्रमच आहेत. करी जेमतेम २.१ किलोमीटरचा, डिस्कला गार व्हायला वेळच मिळत नाही.

स्विफ्टचे ८३ पीएस (म्हणजे जवळपास तेवढीच हॉर्सपॉवर) कमी वाटतात, मान्य. पण त्यामुळेच वळणातला वेग जपायची सवय लागते.

तिसरा_गिअर
भोसरीकर, करीपुरतं पटलं. पण चेन्नईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे. तिथे १.२ सरळ रस्त्यावर नुसती ओरडत राहते. सिटीला ११९ पीएस ६६०० आरपीएमला मिळतात, टॉर्क १४५ न्यूटन मीटर ४६०० ला. सुई ४५०० च्या वर ठेवली की इंजिन पहिल्या लॅपला जसं ओढतं तसंच पाचव्या लॅपलाही ओढतं. टर्बो नाही म्हणजे उष्णतेची निम्मी डोकेदुखी नाही.

दोष इंजिनात नाही, गाडीत आहे: स्प्रिंगा मऊ, आणि बाहेरच्या पुढच्या टायरचा खांदा लवकर खातो. कॅम्बर बोल्ट टाकून पुढे दीड अंशाच्या आसपास निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला) मिळाला तर बराच फरक पडतो.

पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे बिनटर्बो इंजिन इथे पाच-सहा टक्के मंद असतं. इथल्या टेस्ट ड्राइव्हवरून १.५ ला नापास करू नका, चेन्नईत समुद्रसपाटीला ते परत मिळतात.

साताररोड_३
आणि पोलो? कागदावर १७५ न्यूटन मीटर सगळ्यांत जास्त. शिवाय चाकणला बनलेली, पार्टची अडचण नसावी.

बूस्टगेज
पार्टची अडचण नाही. टॉर्क १७५० पासून मिळतो, वळणातून बाहेर पडताना मजा येते, पण ५५०० नंतर इंजिनात काही उरत नाही. लाल पट्टीपर्यंत ताणू नका, आधीच गिअर टाका.

खरी गोष्ट पुढची. सेवनाची हवा तापली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाबही आवरतो. उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या वेगवान लॅपनंतर गाडी ढिली वाटते ती यामुळे. लोक म्हणतात, पुढे मोठा इंटरकूलर (ही हवा गार करणारा) लावू. या इंजिनात इंटरकूलर पाण्याचा आहे आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे, त्यामुळे ते काम वाटतं तितकं सोपं नाही. त्यापेक्षा एक लॅप गरम, तीन वेगात, एक गार असा क्रम ठेवा. पिटमध्ये आल्याबरोबर इंजिन बंद करू नका, दोन मिनिटं आयडलवर राहू द्या, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जळून चिकटतं. टाकीत ९५ ऑक्टेन असू द्या.

पोलोचीच जुनी १.२ जीटी टीएसआय मात्र घेऊ नका. ती फक्त डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये आली, आणि तो सात गिअरचा ड्राय क्लच ट्रॅकवर तापतो.

यादीबाहेरची एक: बलेनो आरएस. ९९८ सीसी टर्बो, १०२ पीएस, साधारण ९५० किलो, चारही चाकांना डिस्क. मिळणं अवघड, पण मिळाली तर वरच्या तिघींचा वाद मिटला.

एमएच१२_कागदपत्र
स्विफ्ट घेऊन पुढे मोठं इंजिन बसवू असा विचार डोक्यात असेल तर सोडून द्या. आरटीओच्या मंजुरीशिवाय इंजिन बदललेली गाडी रस्त्यावर बेकायदा, आणि तुम्ही तर १२०० किलोमीटर चालवत नेणार. नेहमीच्या विमा पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, ट्रॅकवर ठोकली तर खर्च आपलाच.

साताररोड_३
स्विफ्टकडे कल झालाय. दीड लाख कुठे घालू?

भोसरी_एमआयडीसी
टायर आणि ब्रेक. एक्झॉस्टला एक रुपया नको.

ब्रेक फ्लुइड पूर्ण बदला, एक लिटर आणा. साध्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरतो. डॉट ५.१ चा २६० आणि १८०. शक्य असेल तर तीनशेच्या वरचं रेसिंग फ्लुइड घ्या, पण ते दर ट्रॅक डेआधी ब्लीड करायचं, म्हणजे जुनं फ्लुइड आणि हवेचे बुडबुडे काढून टाकायचे. पेडल जमिनीला टेकलं तर फ्लुइड उकळलं, पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही तर पॅड तापून त्यांची पकड गेली. दोन्हींचा उपाय वेगळा, सरसकट पॅड बदलत बसू नका.

नवे पॅड बसवल्यावर ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक लावा, पूर्ण न थांबता, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवा. सेशननंतर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये उभी करा.

टायर १९५/६० आर१५ घ्या, मूळ १८५/६५ च्या व्यासाला जवळ आहे. थंड असताना २८-२९ पीएसआय, सेशननंतर गरम ३३-३४ च्या वर गेले तर हवा काढा. परतीला निघण्याआधी पुन्हा भरायला विसरू नका, हायवेला कमी हवा चालणार नाही.

ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत, पेट्रोल अर्ध्या टाकीच्या खाली नको. लांब वळणात दोन्ही पंपांना हवा ओढायला लावू नका.

तिसरा_गिअर
गाडी बघायला जाताना चौथ्या गिअरला ४० वर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम वेगाच्या पुढे पळाला तर क्लच गेलाय, किंमत पाडा. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये चारही सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. बॉनेट उघडून पुढच्या एप्रनची (इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याची) वेल्डिंग आणि लोअर आर्मची (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याची) रबरी बुशं बघा. पुढून ठोकून सरळ केलेली असेल तर अलाइनमेंट कधीच नीट बसत नाही. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.