मदत हवी आहे: फवारणीची नोंद सेव्ह करताना आयफोनवर −१००५ एरर, रेंज मात्र फुल्ल

नमस्कार मंडळी,

नाशकात द्राक्ष बागायतदारांसाठी एक छोटं अ‍ॅप करतोय. मोबाइलची बाजू माझ्या एकटीकडे, सर्व्हर एक दादा बघतात. प्लॉट निवडायचा, औषध, मात्रा, पाणी किती लिटर, भुरी रोगासाठी मारलं की डावणी रोगासाठी, आणि सेव्ह. एक्स्पोर्टच्या बागेत या नोंदीवर बरंच अवलंबून असतं. शेवटची फवारणी आणि काढणी यांत पुरेसे दिवस गेले नाहीत तर माल उचलत नाहीत.

पंधरा दिवसांपासून दिंडोरी-मोहाडीकडच्या सुपरवायझरांचे फोन सुरू आहेत. सेव्ह दाबलं की 'द नेटवर्क कनेक्शन वॉज लॉस्ट'. लॉगमध्ये एनएसयूआरएलएररडोमेन (आयओएसचे नेटवर्क एरर), कोड −१००५. बागेत रेंज नसेल म्हणून मी सोडून दिलं. काल कॉलेज रोडच्या ऑफिसात, वाय-फायवर, चहा घेता घेता माझ्याच फोनवर आला!

प्लॉटची यादी उघडताना हा एरर कधीच येत नाही, फक्त सेव्हला येतो. पुन्हा दाबलं की लगेच जातं. अँड्रॉइडवाल्यांची एकही तक्रार नाही. आणि खरी डोकेदुखी म्हणजे दोन प्लॉटवर एकच फवारणी दोनदा पडली. मालक म्हणतात, "एका दिवसात दोन डोस मारले का रे?" आणि तो बिचारा सुपरवायझर शपथा खातोय.

करून पाहिलेलं: फोनने उत्तराची वाट बघायचा टाइमआउट ६० सेकंदांचा १२०, काही फरक नाही. सेव्हच्या आधी नेट आहे का ते तपासलं, तर 'आहे' म्हणतं आणि पुढच्या क्षणी तोच एरर. जालावर जो तो 'सिम्युलेटर (मॅकवरचा नकली आयफोन) रीस्टार्ट करा' सांगतोय, पण तो आयओएस ८ च्या काळातला सल्ला आहे, माझ्याकडे खऱ्या फोनवर येतंय. कोड साधाच आहे: यूआरएलसेशन (आयओएसचं नेटवर्किंग), पोस्ट (नोंद पाठवणारी रिक्वेस्ट), जेसन. सर्व्हरला समोर एनजिनएक्स (वेब सर्व्हर), मागे नोड.

काय चुकतंय?

प्रतिसाद १
रेंजच. त्या पट्ट्यात असंच असतं. विमान मोड चालू-बंद करायला सांगा.

धागाकर्ती
ऑफिसातल्या वाय-फायवर आला असं वर लिहिलंय हो दादा.

प्रतिसाद २
ताई, दोन गोष्टी सांगा. यादी उघडल्यापासून सेव्ह दाबेपर्यंत किती वेळ जातो? आणि एनजिनएक्समध्ये कीपअलाइव्ह टाइमआउट, म्हणजे रिकामं कनेक्शन किती वेळ उघडं ठेवायचं ते, किती आहे?

धागाकर्ती
एक-दीड मिनिट. डबा हातात धरून नाव वाचतात, मध्येच व्हॉट्सअ‍ॅपवर सल्लागाराचा मेसेज बघून येतात. टाइमआउट दादांना विचारला, ६५ सेकंद. पॅकेजबरोबर आला तसाच आहे म्हणाले.

प्रतिसाद २
मग बागेला बोल लावू नका. यादी आणताना फोनने सर्व्हरशी जे कनेक्शन उघडलं, ते तो पुढच्या कामासाठी राखून ठेवतो. सर्व्हर मात्र ६५ सेकंद वाट बघून ते बंद करतो. बंद केल्याचं फोनला कळायच्या आत त्याच कनेक्शनवर तुमची नोंद निघाली, की −१००५. व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन आल्यावर तर जास्तच, कारण तेवढा वेळ तुमचं अ‍ॅप झोपलेलं असतं. मुळात नेटच नसतं तर −१००९ आला असता, सर्व्हर गप्प बसला असता तर −१००१.

यादीला का येत नाही? गेट, म्हणजे माहिती मागणारी रिक्वेस्ट, अशी फसली तर आयओएस ती आपणहून पुन्हा पाठवतं, दोनदा गेली तरी बिघडत नाही. पोस्टला तसं करत नाही, कारण सर्व्हरने आधीच काम उरकलेलं असू शकतं, आणि मग पुन्हा सेव्ह दाबलं की नोंद दोनदा पडते. अ‍ॅपलच्या टेक्निकल प्रश्नोत्तर १९४१ मध्ये हेच आहे. अँड्रॉइडवर बहुधा ओकेएचटीटीपी ही नेटवर्क लायब्ररी वापरत असाल, ते शिळं कनेक्शन वापरण्याआधी तपासतं आणि लागलं तर नवीन उघडतं.

आता उपाय. −१००५ आला की एकदा आपणच पुन्हा पाठवायचं, पण तसंच नाही! आधी प्रत्येक नोंदीला यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशी न जुळणारा ओळख नंबर, द्या. तो फॉर्म उघडताना बनवा, सेव्ह दाबताना नाही, नाहीतर दुसऱ्या दाबण्याला नवीन नंबर मिळेल आणि पुन्हा जुळं होईल. डेटाबेसमध्ये त्या कॉलमवर युनिक बंधन (तोच नंबर दोनदा घेणार नाही असं) हवं, आणि तोच नंबर पुन्हा आला तर एरर न देता जुनंच उत्तर परत द्या. सर्व्हरचा टाइमआउट वाढवून प्रमाण कमी होईल, आजार जाणार नाही. कोणी दर वेळी कनेक्शन बंद करायला 'कनेक्शन: क्लोज' हेडर लावायला सांगेल, त्या वाटेला जाऊ नका, तो हेडर यूआरएलसेशन स्वतः सांभाळतं. आणि ती आधीची नेट-तपासणी काढून टाका.

खात्री करायची तर टेस्ट सर्व्हरवर टाइमआउट ५ सेकंद करा, यादी उघडा, मनात पाच मोजा आणि सेव्ह दाबा.

धागाकर्ती
केलं. सातव्या वेळी आला! अर्धा सेकंद इकडेतिकडे झालं की येत नाही, म्हणून इतके दिवस हाती लागत नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन आल्यावर मात्र दुसऱ्याच वेळी.

यूयूआयडीचं दादांशी बोलले, बुधवारपर्यंत होईल म्हणाले. आपोआप पुन्हा पाठवायचा रिट्राय मी आजच लिहिते, पण त्यांचं होईपर्यंत नवीन बिल्ड (आवृत्ती) सोडत नाही.

एक राहिलं. आधीच पडलेल्या जुळ्या नोंदी स्क्रिप्टने उडवाव्यात का? प्लॉट, औषध, तारीख सगळं सारखं आहे.

प्रतिसाद २
स्क्रिप्टने फक्त यादी काढा, उडवू नका. एखाद्याने सकाळी अर्धा प्लॉट आणि संध्याकाळी अर्धा मारला असेल तरी नोंद अशीच दिसेल. ज्याने फवारलं त्याला विचारा.

धागाकर्ती
हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या मोहाडीला जाते.