स्ट्रट माउंट बदलण्याआधी स्प्रिंगचा गंज पाहावा
गाडीच्या पुढच्या स्ट्रटचा (शॉक अब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या भागाचा) माउंट, म्हणजे त्याला वर गाडीशी जोडणारा आधार, बदलताना स्प्रिंग कॉम्प्रेसरची (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराची) गरज नाही, माउंटच्या मधला नट हळूहळू सैल केला की स्प्रिंग आपोआप मोकळी होते, असे या चर्चेत एकाने म्हटले आहे; त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. नट सुटताक्षणी दाबलेल्या स्प्रिंगची सगळी ताकद माउंटला उडवते, आणि त्या वेळी समोर कोणाचे तोंड असेल तर पुढचे बोलायलाच नको. कॉम्प्रेसरने ताण पूर्ण काढल्यावर, स्प्रिंग बैठकीवर सैल झाल्याची खात्री करूनच त्या नटाला पाना लावावा. माउंटबरोबर बेअरिंगही बदलावे, हे त्यांचे म्हणणे मात्र पटले.

चर्चेत न आलेला मुद्दा गंजाचा आहे. आमची गाडी रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. जागेवरच स्टिअरिंग फिरवताना पुढून 'टण्ण' असा आवाज येऊ लागला, म्हणून पावसाळ्याआधी, ऐन मे महिन्याच्या उकाड्यात, मी हे काम काढले. नकलचे (स्ट्रटच्या खालच्या टोकाला जोडलेल्या, चाक धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरवूनही दुपारपर्यंत हलले नाहीत, पण खरा धोका स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यात निघाला: बैठकीत साचलेल्या खारट, ओल्या चिखलाने रंग खाल्ला होता आणि तारेवर नखात अडकतील असे खड्डे पडले होते. अशी स्प्रिंग आवळताना तुटू शकते, त्यामुळे मी ती घरी दाबलीच नाही. अख्खा स्ट्रट उतरवून गॅरेजात नेला आणि दोन्ही बाजूंना नव्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. नकलचे बोल्ट सुटले असल्याने नंतर चाकांचे अलाइनमेंट (कोन जुळवणे) करावेच लागले.