मार्सेच्या बंदरात एकच दिवस: आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाचे दुपारचे जेवण कुठे करावे?

प्रश्न

नमस्कार. सप्टेंबरमध्ये आम्ही चौघे भूमध्य समुद्रातील क्रूझला जात आहोत आणि जहाज ज्या दिवशी फ्रान्समधील मार्से येथे थांबणार आहे, नेमकी त्याच दिवशी आईबाबांच्या लग्नाला 40 वर्षे पूर्ण होत आहेत. जहाज सकाळी 8 वाजता धक्क्याला लागेल आणि सायंकाळी 5 वाजेपर्यंत सर्वांनी परत चढायचे आहे. दोघांनाही मासे मनापासून आवडतात, म्हणून तिथले सुप्रसिद्ध बुयाबेस (केशर घातलेल्या रश्श्यासह येणारा माशांचा पदार्थ) त्यांना निवांत बसून खाता यावे, अशी आमची फार इच्छा आहे. बाबांच्या गुडघ्यांमुळे जिन्यांची चढउतार मात्र टाळावी लागेल. जागा कशी निवडावी आणि वेळेचे गणित कसे बसवावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1

आईबाबांना मनःपूर्वक शुभेच्छा. माझ्या मते अशा दिवशी आधी वेळ ठरवावी आणि मग त्या वेळेत बसणारी जागा शोधावी. क्रूझचा धक्का शहराच्या उत्तरेला, जुन्या बंदरापासून बराच दूर आहे. तिथून चालत येण्याचा विचारही करू नये. फ्रान्समध्ये दुपारचे जेवण साधारणपणे 12 ते 2 या वेळेतच मिळते आणि त्यानंतर स्वयंपाकघर बंद होते, त्यामुळे 12 वाजताचेच टेबल राखून ठेवा. बुयाबेस घाईने उरकण्याचे जेवण नाही. त्यासाठी दोन तास हाताशी हवेत. शेवटची कॉफी मागवतानाच टॅक्सी बोलवायला सांगितलेत, तर तीनच्या सुमारास तुम्ही जहाजापाशी असाल आणि रस्त्यात खोळंबा झाला तरी जिवाला घोर लागणार नाही. घड्याळ मात्र जहाजाच्या वेळेशी जुळवून घ्या, कारण काही मार्गांवर जहाजाची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ एक नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे टेबल राखतानाच बुयाबेस हवे असल्याचे कळवा. अनेक ठिकाणी ते एक-दोन दिवस आधी सांगावे लागते, कारण मासळी त्या हिशेबाने आणली जाते.

उत्तर 2

वरील सल्ल्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. जागेबद्दल विचाराल, तर मी व्हालाँ देझ ओफ सुचवीन. समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्याच्या कमानीखाली दडलेले हे कोळ्यांचे चिमुकले बंदर आहे आणि तिथले ‘शे फोंफों’ हे 1952 पासूनचे रेस्टॉरंट बुयाबेससाठी ओळखले जाते. कॉर्निशवरून खाली उतरायला पायऱ्या आहेत, म्हणून टॅक्सीवाल्याला वर न थांबता थेट खाली बंदरापाशी सोडायला सांगा. जवळच जेराल्ड पासेदा यांचे ‘ल पती नीस’ आहे. त्याला 2008 मध्ये मिशेलिन या रेस्टॉरंट मार्गदर्शिकेचे तीन तारे, म्हणजे सर्वोच्च मानांकन, मिळाले, पण तिथल्या जेवणाला लागणारा वेळ आणि येणारा खर्च पाहता बंदरावरच्या एका दिवसात मी तो बेत आखणार नाही.

उत्तर 3

व्हालाँ देझ ओफ सुंदर आहे, यात शंका नाही. तरीही बाबांचे गुडघे आणि परतीची वेळ लक्षात घेता मी जुन्या बंदराकाठचेच चांगले ठिकाण निवडीन. तिथे सपाट रस्ता आहे आणि टॅक्सीही सहज मिळते. मात्र पर्यटकांच्या गर्दीत स्वस्त बुयाबेसच्या पाट्या दिसल्या, तर तिथे पाऊलही टाकू नका. शहरातील काही रेस्टॉरंटवाल्यांनी 1980 मध्ये या पदार्थाची एक सनद केली. तीत नेमून दिलेल्या माशांपैकी किमान चार प्रकार असावेत, असा दंडक आहे. काटेरी रास्कास हा त्यांतला मानाचा मासा. अशा अस्सल बुयाबेसला माणशी 60 युरोंच्या वरच खर्च येतो आणि तो रास्तच आहे.

आणखी एक महत्त्वाचे. मार्सेत मिस्त्राल नावाचा उत्तरेकडचा वारा जोरात सुटला, तर जहाज धक्क्याला लागू शकत नाही आणि कप्तान तो थांबाच रद्द करू शकतो. बरीच रेस्टॉरंट टेबल राखताना कार्डाचा तपशील घेतात, म्हणून आपण क्रूझचे प्रवासी आहोत हे आधीच कळवून ऐनवेळी रद्द करावे लागल्यास किती रक्कम कापली जाईल, ते लेखी विचारून घ्या.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. तो दिवस सोमवार आहे आणि त्या दिवशी काही रेस्टॉरंट बंद असतात असे दिसते, म्हणून दोन्ही ठिकाणी आजच चौकशी करते. आईला एकच धास्ती आहे, ती काट्यांची.

उत्तर 1

आईंना निश्चिंत राहायला सांगा. आधी केशराने पिवळाधमक झालेला दाट रस्सा, ‘रुई’ नावाच्या लसणाच्या तिखटसर सॉसचा लेप दिलेल्या कुरकुरीत पावाच्या चकत्यांसह येतो. मासे आणि बटाटे वेगळ्या ताटात येतात. चांगल्या ठिकाणी अख्खे मासे आधी टेबलाशी आणून दाखवतात आणि मग वाढपी तुमच्यासमोरच चमच्याकाट्याने मधला काटा अलगद उचलून बाजूला करतो. तरी बारीक काटे राहू शकतात, त्यामुळे टेबल राखताना काटे नीट काढून देण्याची विनंती नोंदवून ठेवा. रस्सा संपला की पुन्हा वाढतात. तो मागायला संकोच करू नका.