सोसायटी ग्रुप: रस्त्याचा फोटो काढून टाकायचा का?

सेक्रेटरी, ए-१०१
नमस्कार मंडळी. सी-५०२ ताईंनी रविवारी गेटसमोरच्या रस्त्याचे फोटो फेसबुकवर आणि एक्सवर टाकले, तेच इथेही टाकलेत. आज दुपारी मला एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. तुमच्या ड्रेनेज लाइनची फाइल आमच्याकडेच आहे ना, मग हे कशाला, एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. ताई, राग मानू नका, पण ती पोस्ट काढता का? ग्रुपचा ॲडमिन मी आहे. उद्या काही झालं तर आधी मला बोलावणं येईल.

बी-२०३
साहेबांचं बरोबर आहे. आपण नोकरदार माणसं. सायबरवाले दारात आले तर शेजारीसुद्धा ओळख देत नाहीत.

ए-३०४
डाव्या हाताने टाइप करतेय, चुका होतील. उजवा हात अजून प्लास्टरमध्ये आहे. मी खड्ड्यात नाही पडले. डांबराचा तुकडा सुटून गाडीच्या चाकाखाली आला आणि गाडी घसरली. मार्चमध्ये याच रस्त्यावर रोलर फिरत होता, आपण सगळे गॅलरीत उभे राहून बघत होतो. जूनच्या दुसऱ्या पावसात रस्ता गेला. पोस्ट काढू नका, एवढंच सांगायचंय.

सी-५०२
काकू, तुम्ही पडलात त्या संध्याकाळीच मी खाली गेले होते. वाकून कड धरली आणि नुसत्या बोटांनी थर उचलला. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा वितभर तुकडा हातात आला. खाली कोरडी धूळ होती. मुलाच्या कंपासमधली पट्टी लावली, जाडी भरली ११ मिलिमीटर. मी तोच फोटो टाकलाय.

सेक्रेटरी साहेब, भीती मलाही वाटते. सोमवारी सकाळी पोस्टखाली एका अनोळखी माणसाने लिहिलं, तुमची मुलं कुठल्या शाळेत जातात ते माहीत आहे. रात्रभर झोप नव्हती. तरी पोस्ट ठेवली, कारण आज मी ती काढली तर त्या माणसाला कळेल की एक ओळ लिहिली की या सोसायटीतले लोक गप्प बसतात. मग ड्रेनेजच्या फाइलसाठी उद्या किती मागतील?

बी-२०३
ताई, मग तर अजूनच जपायला हवं. माझं लहानपण तळेगाव दाभाड्यात गेलंय. सतीश शेट्टींनी एक्स्प्रेस वेच्या आसपासचे जमिनीचे घोटाळे माहिती अधिकारातून बाहेर काढले. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला निघाले होते, तिथेच त्यांचा खून झाला. संरक्षण आधीच मागितलं होतं त्यांनी. मी भित्रा आहे म्हणा हवं तर, पण मी ते गाव तेव्हा बघितलंय.

सी-५०२
दादा, भित्रं कोण म्हणेल तुम्हाला? पण शेट्टींच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? अर्जावर नाव एकट्याचं होतं. गावात त्यांना मानणारे खूप होते, पण कागदावर ते एकटेच दिसत होते. एक माणूस वाटेतून बाजूला केला की विषय संपतो, असं समोरच्याला वाटतं. चाळीस घरांची नावं असतील तर कोणाकोणाला फोन करणार?

सी-२०१
ऑफिसातून आत्ता आलो. वकील म्हणून तीन गोष्टी सांगतो.

सेक्रेटरी साहेब, ॲडमिनची काळजी सोडा. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय की, सभासदाने काही लिहिलं म्हणून नुसता ॲडमिन आहे एवढ्यावर तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. दोघांनी मिळून ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरं, सायबरवाल्यांची भीती. पूर्वी माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६-अ होतं, इंटरनेटवर कोणाला त्रासदायक वाटेल असं लिहिलं तरी अटक व्हायची. सुप्रीम कोर्टाने ते २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. त्याआधी काय चालायचं तेही आठवा: भ्रष्टाचारावर व्यंगचित्रं काढली म्हणून असीम त्रिवेदींना सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत अटक झाली, थेट राजद्रोह लावला. लोकांनी आवाज उठवला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि राजद्रोहाचं कलम सरकारला मागे घ्यावं लागलं.

तिसरं मात्र ताईंसाठी. पोस्टमधलं "सगळ्यांनी मिळून खाल्ले" हे वाक्य काढा. बदनामीचा दावा त्या वाक्यावर येऊ शकतो. फोटो, तारीख, पट्टीवरचा आकडा खरा आहे आणि लोकहिताचा आहे, तो राहू द्या. आणि शाळेबद्दलच्या त्या कमेंटचा स्क्रीनशॉट मला पाठवा, उद्या मी स्वतः तुमच्यासोबत पोलीस ठाण्यात येतो.

काकू, तुमची दवाखान्याची बिलं आणि फोटो जपून ठेवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने आदेश दिलाय, खड्ड्यांमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई, आणि ती जबाबदार ठेकेदार आणि अधिकाऱ्यांकडून वसूल करायची.

डी-६०१
पोरी, तुझा फोटो मी मोठा करून बघितला. ३१ वर्षं रस्त्यांच्या कामावर काढली आहेत. खाली धूळ दिसतेय याचा अर्थ डांबराचा पातळ फवारा मारायचा असतो तो मारलेला नाही किंवा रस्ता झाडलाच नाही. त्यामुळे वरचा थर खालच्याला धरत नाही. पण जाडी किती ठरली होती हे अंदाजपत्रक बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. २५ ठरली असेल तर ११ म्हणजे चोरी. आणि खरी गोष्ट मोजमाप पुस्तकात असते, ज्याला साइटवर आम्ही एमबी म्हणतो. किती जाडीचे पैसे बिलात लावले ते तिथे सहीनिशी लिहिलेलं असतं. ती सही ज्याची, तो सापडला.

आणखी एक. नव्या रस्त्याला दोष दायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने फुकट दुरुस्त करायचा. पालिका जर आत्ता त्याच रस्त्याचं नवं टेंडर काढायला निघाली असेल तर ते आधी थांबवायला हवं.

सेक्रेटरी, ए-१०१
काका, मग सोसायटीच्या लेटरहेडवर माहिती अधिकाराचा अर्ज देऊ का? एका कागदावर सगळ्यांच्या सह्या.

सी-२०१
माहिती मागायचा हक्क नागरिकाला आहे, संस्थेला नाही. अर्ज व्यक्तीच्या नावानेच द्यायचा. आणि महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. एरवी लोक याला अडचण म्हणतात, पण आपल्याला हवं तेच आहे हे. अंदाजपत्रक एका घराने मागायचं, मोजमाप पुस्तक दुसऱ्याने, दोष दायित्व कालावधीचा करार तिसऱ्याने. प्रत्येकी १० रुपये, ३० दिवसांत उत्तर. कायद्याच्या कलम २ मध्ये कामाची पाहणी करायचा आणि मालाचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क आहे. तो अर्ज काकांनी करावा, त्यांना कोणी फसवू शकणार नाही.

डी-६०१
नमुना माझ्याकडे. आणि अर्जाच्या उत्तराची वाट बघत बसायचं नाही. शासनाने २०१८ साली निर्णय काढलाय, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ स्थानिक कार्यालयात नागरिकांना फाइली बघता येतात. नाही म्हणाले तर नाही असं लेखी मागायचं.

ए-३०४
मोजमाप पुस्तक माझ्या नावाने. सही डाव्या हाताची चालेल ना?

बी-२०३
दोष दायित्वाचा करार मी मागतो. घरी बोललो, बायको म्हणाली तुम्ही नाही केला तर मी करते.

सी-५०२
वाक्य काढलं. पोस्ट आता अशी आहे: "मार्चमध्ये केलेला रस्ता, जूनमध्ये हाताने उचलला. जाडी ११ मिलिमीटर. अंदाजपत्रकात किती लिहिली आहे, पालिकेने सांगावं." खाली माझं नाव आणि फ्लॅट नंबर आहे.

सेक्रेटरी, ए-१०१
फोन करणाऱ्याचा नंबर आणि वेळ मी लिहून ठेवलीय. अंदाजपत्रकाचा अर्ज माझ्या नावाने द्या. आणि ताई, पोस्टखाली ए-१०१ पण लिहा.

डी-६०१
सोमवारी अडीच वाजता गेटवर भेटू. ती कंपासमधली पट्टी घेऊन ये.