उरलेले ब्रेडचे स्लाइस, कडा आणि लादीपाव: नेमकं काय करता?

पावशेर

घरात माणसं दोनच. ४०० ग्रॅमचा ब्रेड आणला की शेवटचे पाच-सहा स्लाइस आणि टोकांचे दोन जाड तुकडे उरतातच. मिसळ किंवा पावभाजी केली की लादीतले दोन-तीन पाव राहतात. घोडं तीन ठिकाणी अडतं:

फोडणीचा ब्रेड करायला जावं तर गिचका होतो. मिक्सरमधून काढलेला चुरा बरणीत आठवडाभरात बुरशी धरतो. आणि फ्रिजमध्ये ठेवलेला ब्रेड दुसऱ्याच दिवशी कोरडाठाक लागतो.

ओव्हन नाही. गॅस, तवा, कढई, कुकर आहे. अंडं चालतं. गोडाचा एखादाच प्रकार सांगा. शाही तुकडा माहीत आहे, तो नको.

उलथनं

आधी गिचक्याबद्दल. ब्रेड ताजा असेल किंवा पिशवीतून काढून थेट कढईत पडला असेल तर गिचका होणारच. आठ स्लाइस (साधारण २०० ग्रॅम) घ्या. सुरीने दोन-दोन सेंटिमीटरचे चौकोन कापा. हाताने कुस्करलात की बारीक चुरा पडतो आणि तोच आधी भिजून लगदा होतो. तुकडे ताटात पसरून पंख्याखाली तासभर ठेवा, नाहीतर कोरड्या कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटं परता. बाहेरून खरखरीत आणि आतून किंचित मऊ, असे हवेत.

फोडणीला दोन टेबलस्पून तेल, मोहरी, जिरं, हिंग, आठ-दहा कढीपत्त्याची पानं, तीन हिरव्या मिरच्या, मूठभर दाणे. मग दोन मध्यम कांदे. कांदा नुसता पारदर्शक करून थांबू नका, कडा लालसर होऊ द्या, कारण कांद्याचं पाणी आटलं नाही तर ते सगळं ब्रेड शोषून घेतो. टोमॅटो घालायचा तर तेल सुटेपर्यंत परता. मी म्हणेन टोमॅटो नकोच, शेवटी लिंबू पिळा. मग हळद आणि मीठ. मीठ फक्त कांद्यापुरतं, कारण दोनशे ग्रॅम ब्रेडमध्ये मुळातच दोन-अडीच ग्रॅम मीठ असतं. आता ब्रेड घालून मोठ्या आचेवर तीन मिनिटं खालून वर उलथत राहा.

झाकण अजिबात ठेवायचं नाही. वाफ धरली की संपलं. फोडणीच्या पोळीला पाण्याचा हबका आणि झाकण लागतं, त्या सवयीने इथेही हात झाकणाकडे जातो. पण पोळी घट्ट असते, पाणी सावकाश पिते. ब्रेडची जाळी स्पंजासारखी आहे. ब्रेड फारच कोरडा असेल तर दोन टेबलस्पून ताक शिंपडा, त्याहून जास्त नको.

थंड_डबा

फ्रिजचं कोडं सोपं आहे. ब्रेड शिळा होतो तो फक्त पाणी उडाल्यामुळे नाही. भाजताना फुगलेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट रचला जातो, आणि हे सगळ्यांत वेगाने घडतं ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यातल्या तापमानाला. म्हणून पिशवी घट्ट बांधली तरी ब्रेड कडक लागतो. बुरशी मात्र फ्रिजमध्ये उशिरा येते. म्हणजे चव द्या आणि दिवस घ्या असा सौदा.

फ्रीझरमध्ये हे जवळजवळ थांबतं. ब्रेड आणला त्याच दिवशी, ताजा असतानाच, निम्मे स्लाइस दोन-दोनच्या पुड्या करून हवा काढून फ्रीझरला टाका. चार दिवस वाट बघून टाकलात तर शिळाच गोठेल. महिनाभर छान राहतात. काढले की थेट तव्यावर, आधी ओट्यावर वितळू द्यायचे नाहीत. पाव मात्र गोठवण्याआधी मधून चिरून ठेवा, गोठलेला पाव चिरताना सुरी सटकते.

शिळा पाव मऊ करायला तवा मंद तापवा, पाव ठेवा, तव्याच्या कडेला चमचाभर पाणी सोडा आणि दीड-दोन मिनिटं झाकण ठेवा. (उलथनं यांची झाकणबंदी इथे उठते.) साठ अंशांच्या वर गेला की तो घट्ट झालेला स्टार्च पुन्हा सैल पडतो. पण लगेच खायचा. गार झाला की पहिल्यापेक्षा कडक होतो, आणि दुसऱ्यांदा गरम करून तितकासा सुधारत नाही.

चुरापाक

चुऱ्याला बुरशी येते याचा अर्थ त्यात पाणी राहिलं. ब्रेडच्या वजनात एक तृतीयांशाहून जास्त पाणीच असतं. १०० ग्रॅम, म्हणजे चार स्लाइसचा, कोरडा चुरा जेमतेम ६५ ग्रॅम भरायला हवा. तुमचा ८० भरत असेल तर तो बरणीत टिकणार नाही.

तुकडे करून पातळ कापडाखाली दिवसभर उन्हात ठेवा, मग कढईत सर्वांत मंद आचेवर दहा-बारा मिनिटं हलवत भाजा. ऊन नसेल तर नुसत्या कढईत वीस-पंचवीस मिनिटं. पारख एकच: तुकडा बोटांत दाबला की कट्कन मोडला पाहिजे. वाकला तर परत कढईत. त्यानंतर पूर्ण गार करून मगच मिक्सर. कोमट असताना दळला तर भांड्याला वाफ धरते आणि तुमची बुरशी बहुधा तिथूनच येते. मिक्सर थांबत थांबत फिरवा. चाळणीवर राहील तो जाड चुरा घोळवायला, खाली पडेल तो बारीक कटलेटच्या सारणाला.

लोणी लावलेले, मसाल्याचे किंवा गोड ब्रेड यात मिसळू नका. स्निग्धांश खवट होतो, आणि साखरेमुळे तळताना चुरा आतलं शिजायच्या आत काळा पडतो. हवाबंद डब्यात महिनाभर. कोकणपट्टीत पावसाळ्यात बरणीचा नाद सोडा, फ्रीझरमध्ये ठेवा. कोरडा चुरा गोठून दगड होत नाही, चमच्याने निघतो.

बटाट्याच्या कटलेटला अर्धा किलो बटाट्याला पाच-सहा टेबलस्पून बारीक चुरा पुरतो. ब्रेड पाण्यात भिजवून पिळून घालायची जुनी पद्धत आहे, पण त्या पाण्यानेच कटलेट तेलात फुटतात.

खिमापाव

चुरापाक, बटाट्यापुरतं मान्य. खिम्याला उलटं आहे. बटाट्यात स्वतःचं पाणी असतं, खिमा शिजताना पाणी सोडून आवळतो. तिथे कोरडा चुरा घातला तर कटलेट रबरासारखे होतात. अर्धा किलो खिम्याला कडा काढलेले दोन स्लाइस चार टेबलस्पून दुधात भिजवून, न पिळता, कुस्करून घाला.

पावशेर

वजनाचा हिशेब कामाचा आहे. माझा चुरा कोमटच दळला जायचा. या कटलेटनंतर उरलेल्या कडांचं काय?

चुरापाक

कडांचा चिवडा. १०० ग्रॅम कडा बोटाच्या पेरापेक्षा लहान कापून मंद आचेवर पंधरा मिनिटं कुरकुरीत करा आणि बाजूला काढा. दीड टेबलस्पून तेलात दाणे, डाळं, कढीपत्ता तळा. कढीपत्ता पुसून कोरडा करूनच घाला आणि तडतड पूर्ण थांबू द्या, दुसऱ्या दिवशी चिवडा मऊ पडतो तो या पानांमुळे. गॅस बंद करून अर्ध्या मिनिटाने तिखट-हळद घाला, नाहीतर तिखट जळतं. पिठीसाखर सगळं गार झाल्यावर.

तवा_घावन

धिरडी राहिली. सहा स्लाइस, अर्धी वाटी रवा, पाव वाटी तांदळाचं पीठ, अर्धी वाटी आंबट दही, वाटीभर पाणी. वीस मिनिटं भिजवून मिक्सरला लावा, मीठ, मिरची, बारीक कांदा. नुसत्या ब्रेडची धिरडी तव्याला चिकटतात, कारण ब्रेडमधला स्टार्च आधीच शिजलेला असतो आणि पकड धरत नाही. रवा-तांदूळ म्हणून हवेतच. वरची बाजू कोरडी दिसून कडा आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावू नका.

पोदेराची_घंटा

गोडाचा एक प्रकार गोव्याकडून: कॅरामल पुडिंग, कुकरमध्ये. चपट्या ॲल्युमिनियमच्या डब्यात चार टेबलस्पून साखर पाण्याशिवाय वितळवा. मधापेक्षा थोडा गडद रंग आला की लगेच उतरवा, डब्याच्या उष्णतेने ती पुढेही शिजत राहते आणि कडू होते. डबा फिरवून तळाला पसरू द्या, घट्ट होऊ द्या.

कडा काढलेले चार स्लाइस ४०० मिलिलिटर कोमट दुधात दहा मिनिटं भिजवा. तीन अंडी, सहा टेबलस्पून साखर, जायफळ घालून मिक्सरला जेमतेम फिरवा. फेस आला तर बसू द्या. डब्यात ओता, वर फॉइल घट्ट बांधा. हे विसरलात तर कुकरच्या झाकणाचं पाणी पुडिंगवर ठिबकतं. कुकरमध्ये डब्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पाणी, शिट्टी काढलेली, आच मंद, पस्तीस मिनिटं. सुरी स्वच्छ निघाली की झालं. मोठ्या आचेवर अंड्याचा गोळा होतो, आत भोकं पडतात आणि पाणी सुटतं. चार तास फ्रिजमध्ये, मगच उलटं करा.

लादीपावाचं पुडिंग जास्त मऊ होतं. पोय (गोव्याचा कोंड्याचा पाव) वापरू नका, कोंडा जिभेला लागतो. कडक झालेली पोय तव्यावर शेकून रस्स्यात बुडवण्यातच तिचं सार्थक आहे.

थंड_डबा

एक राहिलं. हिरवा किंवा काळा ठिपका एकाच स्लाइसवर दिसला तरी तेवढा कापून बाकीचा खाऊ नका. बुरशीचे तंतू जाळीतून डोळ्याला न दिसता पुढे गेलेले असतात, आणि काही बुरशींची विषं भाजूनही जात नाहीत. तोच ब्रेड गायीला किंवा पक्ष्यांनाही घालू नका.

उन्हाळ्यात दुसरंही एक होतं: बुरशी दिसत नाही, पण पिकून उतरलेल्या अननसासारखा वास येतो आणि तुकडा मोडताना आत चिकट तार सुटते. हा जिवाणूंचा प्रताप. त्यांचे बीजाणू ब्रेड भाजतानाही मरत नाहीत, तव्यावर तर नाहीच. असा ब्रेड थेट बाहेर, आणि डबा गरम पाण्याने धुऊन व्हिनेगरने पुसून घ्या, नाहीतर पुढच्या ब्रेडलाही तेच.

पावशेर

कंपोस्टच्या टोपलीत टाकला तर चालेल?

थंड_डबा

चालेल. बारीक तुकडे करून, एका वेळी दोन-तीन स्लाइसच. मधोमध पुरा आणि वर चार बोटं सुका पाला. वर उघडा राहिला की उंदीर येतात.